समुद्राचा धंदा

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या सुट्टीच्या गावांची गोष्ट बहुतेक लेखक राजपुत्रापासून सुरू करतात, नाहीतर आगगाडीपासून. मला ती गंडमाळेपासून सुरू करावीशी वाटते. ससेक्स परगण्यातल्या लुइस गावी रिचर्ड रसेल नावाचे डॉक्टर होते. १७५० साली त्यांनी लॅटिनमध्ये एक प्रबंध छापला. विषय होता गाठींच्या विकारांवर समुद्राच्या पाण्याचा उपचार. त्या पाण्यात बुडी मारायची आणि तेच पाणी औषध म्हणून प्यायचं. लॅटिन वाचणारे रोगी असून असून किती असणार? पण दोनच वर्षांत कुणीतरी परवानगी न घेता प्रबंधाचं इंग्रजी भाषांतर बाजारात आणलं आणि डॉक्टरांकडे रीघ लागली. १७५३ साली त्यांनी जवळच्याच ब्राइटहेल्मस्टन नावाच्या कोळ्यांच्या गावात, अगदी पाण्याच्या तोंडाशी, स्वतःचं प्रशस्त घर बांधलं आणि रोग्यांचीही तिथेच सोय केली. या लांबलचक नावाचं पुढे ब्रायटन झालं.

गाव तेव्हा खंगलेलं होतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या वादळांनी खालची वस्ती गिळली होती, मासेमारी मंदावली होती. समुद्र ही पोट भरायची आणि घाबरायची जागा होती. तो दिसावा म्हणून खिडकी त्या बाजूला काढायची, ही कल्पना गावात कुणाच्या डोक्यात आली नसती. रसेलच्या घराशेजारी स्टाइन नावाचं मोकळं मैदान होतं, कोळी तिथे जाळी वाळत घालत. पाहुणे वाढले तसे त्या मैदानात फिरायला येऊ लागले, त्यांच्या पायात जाळी अडकू लागली, आणि पुढच्या दोन पिढ्यांत जाळ्यांना तिथून उठावं लागलं. ब्रायटनच्या इतिहासात या प्रसंगाला फारशी जागा मिळत नाही. माझ्या मते सगळी गोष्ट त्यात आहे. ज्या समुद्रावर आधी मासे मिळत, त्याच समुद्रावर आता माणसं मिळू लागली होती, आणि माणसांचा भाव जास्त होता.

या पुस्तकाचं म्हणणं सांगायचं तर एवढंच आहे. ही गावं निसर्गरम्य म्हणून आपोआप प्रसिद्ध झाली नाहीत. ती कारखान्यांसारखी उभारली गेली. भांडवल, जाहिरात, कामगार, हंगाम, मंदी, दिवाळं हे सगळं तिथे होतं, आणि त्यांचा माल होता सुट्टी. समुद्र हा कच्चा माल. तो तर सगळ्या किनाऱ्यावर फुकट पडलेला होता.

रसेल हे पहिले नव्हेत, हे यॉर्कशरमधले वाचक असते तर त्यांनी एव्हाना ओरडून सांगितलं असतं. स्कारबरोच्या कड्याखाली एका सधन घरच्या बाईला १६२६च्या सुमारास खनिज पाण्याचा झरा सापडला होता. रॉबर्ट विटी नावाच्या डॉक्टरांनी १६६० साली त्या झऱ्यावर पुस्तक लिहिलं आणि काही वर्षांनी समुद्रस्नानाचीही शिफारस केली. झरा आणि समुद्र एकाच जागी असलेलं गाव म्हणजे वैद्यकीय दृष्टीने जोडधंदाच. चाकांवरची लाकडी खोली पाण्यात ढकलत न्यायची, आत कपडे बदलायचे आणि पायऱ्या उतरून थेट समुद्रात, ही जी युक्ती पुढे शंभर-दीडशे वर्षं इंग्लंडभर चालली, तिचं सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक १७३५ सालचं आणि स्कारबरोचंच आहे. मार्गेटच्या बेंजामिन बील या क्वेकर पंथाच्या गृहस्थाने या खोलीला पुढे झुकणारी कापडी छत्री जोडली, म्हणजे पायऱ्या उतरणाऱ्या बाईवर किनाऱ्यावरच्या कुणाची नजर पडू नये.

पण छत्रीखाली जे चालायचं त्याला मौज म्हणणं अवघड आहे. रोग्याला पाण्यात बुडवण्यासाठी दणकट बायका नेमलेल्या असत. कमरेएवढ्या पाण्यात त्या उभ्या राहत, माणूस खोलीतून बाहेर आला की त्याला धरून पाण्याखाली दाबत, वर काढत, पुन्हा दाबत. ब्रायटनची मार्था गन ही त्यातली सर्वांत नामांकित. तिची चित्रं छापून विकली जात. स्नान थंडीत चांगलं आणि पहाटे त्याहून चांगलं, असा वैद्यांचा आग्रह होता. कादंबरीकार फॅनी बर्नी १७८२च्या नोव्हेंबरात सूर्य उगवण्याच्या आत चंद्रप्रकाशात ब्रायटनच्या पाण्यात उतरली होती. नोव्हेंबरातलं इंग्लिश खाडीचं पाणी म्हणजे काय, याची कल्पना कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला करणं कठीण आहे. आनंद म्हणून हे कुणी केलं नसतं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून केलं, आणि करता करता त्यातला आनंद सापडला.

यानंतर राजे येतात. मोठ्या आजारातून उठलेला तिसरा जॉर्ज १७८९ साली वेमथला गेला. बर्नी तेव्हा राणीच्या सेवेत होती. तिने लिहून ठेवलंय की राजाने पाण्यात डोकं बुडवताच शेजारच्या स्नानखोलीत दडवून ठेवलेल्या वादकांनी राष्ट्रगीत सुरू केलं. त्याचा मोठा मुलगा, पुढचा चौथा जॉर्ज, त्याआधीच १७८३ साली ब्रायटनला येऊन गेला होता. मानेच्या गाठींचं निमित्त होतं खरं, पण त्याला हवं होतं ते बापाच्या नजरेपासून दूर असलेलं गाव. पत्ते, घोडे, कर्ज, आणि १७८५ साली चोरून लग्न केलेल्या मारिया फिट्झहर्बर्टचा सहवास, असं सगळं त्याला तिथे मिळालं. शेतकऱ्याचं साधं घर घेऊन त्याने ते वाढवत नेलं आणि १८१५पासून जॉन नॅश या वास्तुरचनाकाराने त्यावर कांद्याच्या आकाराचे घुमट, मिनार आणि जाळ्या चढवल्या. नॅशने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. छापील चित्रांतून उचललेली मुघल वास्तू, आत शिरल्यावर चिनी ड्रॅगन, आणि हे सगळं ससेक्समध्ये. रॉयल पॅव्हिलियन नावाची ही इमारत मला सुंदर वाटत नाही, पण इतकी योग्य इमारत मी दुसरी पाहिली नाही. तिथे जाणारा माणूस घरी असतो तसा राहायला जात नाही, हे ती पहिल्याच नजरेत सांगून टाकते. जगभरातल्या करमणुकीच्या इमारती त्यानंतर कमी-अधिक प्रमाणात हेच करत आल्या आहेत.

याच गावात याच काळात एक अस्सल हिंदुस्थानी माणूस दुकान थाटून बसला होता, आणि तो नॅशच्या घुमटांपेक्षा अधिक कमावून गेला असं मला वाटतं. शेख दीन मोहम्मद, जन्म पाटणा, १७५९. कंपनीच्या बंगाल फौजेत वाढला, एका आयरिश अधिकाऱ्याबरोबर तिकडे गेला, १७९४ साली स्वतःच्या प्रवासाचं इंग्रजी पुस्तक छापलं. हिंदी माणसाने इंग्रजीत लिहून छापलेलं ते पहिलं पुस्तक मानतात. १८१० साली त्याने लंडनमध्ये हिंदी जेवणाचं हॉटेल काढलं, ते बुडालं. मग १८१४ साली तो ब्रायटनला आला आणि त्याने वाफेची स्नानं आणि चंपी सुरू केली. वनौषधींच्या वाफेत बसवायचं आणि फलाणीच्या कापडातल्या फटीतून हात घालून अंग रगडायचं. इंग्रज आधी हसले, मग रांगेत उभे राहिले. बऱ्या झालेल्यांनी टाकून दिलेल्या कुबड्या तो भिंतीवर टांगून ठेवायचा, म्हणजे वेगळी जाहिरात नको. पुढे चौथ्या जॉर्जचा आणि नंतर चौथ्या विल्यमचा ‘शाम्पूइंग सर्जन’ अशी त्याची नेमणूक झाली. १८५१ साली तो ब्रायटनमध्येच वारला आणि तिथल्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. समुद्राचा धंदा कसा करावा हे रसेलनंतर त्याच्याइतकं कुणाला कळलं असेल, असं मला वाटत नाही.

१८०१ साली ब्रायटनची लोकसंख्या ७ हजारांच्या आसपास होती. १८५१ साली ती ६५ हजारांवर गेली. मध्ये १८४१ साली लंडनची आगगाडी आली होती. आगगाडीने राजे पळवले. व्हिक्टोरिया राणीला रस्त्यात बघ्यांची गर्दी सोसवेना. तिने आइल ऑफ वाइटवर खासगी किनारा असलेलं ऑसबर्न घर घेतलं, पॅव्हिलियनमधलं सामान हलवलं आणि इमारत पाडायची वेळ आली. १८५० साली गावाने ती ५३ हजार पौंडांना विकत घेतली, तीही आधी गावात मतदान होऊन, अगदी थोड्या मतांच्या फरकाने. कर भरणारे चिडले होते. राजाचा हा फुकाचा डामडौल आम्ही का पोसायचा? त्यांचं चुकलं, हे आज दिसतं. तेव्हा तसं दिसत नव्हतं.

इथून पुढे या गावांत एक चाल पुन्हा पुन्हा दिसते. वरचा वर्ग येतो, त्याच्या मागे मधला, मधल्याच्या मागे खालचा, आणि प्रत्येक नव्या गाडीबरोबर आधीचे लोक उठून पुढच्या गावाला जातात. ब्रायटनहून उठले ते शेजारच्या होव्हला, तिथून बोर्नमथला, आणि ज्यांना परवडलं ते थेट फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याला. ‘गाव आता पहिल्यासारखं राहिलं नाही’ ही तक्रार या गावांइतकीच जुनी आहे. जेन ऑस्टिनने १८१७ साली मरणापूर्वी अर्धवट सोडलेली शेवटची कादंबरी एका नव्याने उभारल्या जाणाऱ्या समुद्रकाठच्या गावावर आहे. त्यातली माणसं समुद्राच्या हवेचे गुण ज्या आवेशाने गातात, तो जमिनीचे प्लॉट विकणाऱ्याचा आवेश आहे. ऑस्टिनला हा धंदा तेव्हाच ओळखू आला होता.

धंदा कळसाला पोचला तो ब्लॅकपूलला, आणि या पुस्तकात त्या गावाला मी सर्वांत जास्त पानं दिली आहेत. ब्लॅकपूलला राजा नव्हता, कडे-कपारी नव्हत्या, जुनं बंदर नव्हतं. आयरिश समुद्रावरचा सपाट, वाऱ्याने झोडपलेला वाळूचा पट्टा, आणि आगगाडीने थोड्या वेळात गाठता येतील अशी लँकेशरची सूतगिरण्यांची गावं, एवढंच त्याच्याकडे होतं. बोल्टन, ओल्डहॅम, बर्नली, ब्लॅकबर्न. १८४६ साली तिथे लोहमार्ग पोचला.

या गिरणगावांत ‘वेक्स’ म्हणून जुन्या जत्रेचा आठवडा असे. गिरणीमालकांनी आधी ती मोडायचा प्रयत्न केला, मग हार मानली आणि त्या आठवड्यात बॉयलर साफ करून घ्यायला लागले. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा, जूनपासून सप्टेंबरपर्यंत पसरलेला. त्यामुळे ब्लॅकपूलला उन्हाळाभर पाळीपाळीने अख्खी गावं येत राहिली. एका शनिवारी बर्नलीची धुराडी थंड, पुढच्या शनिवारी दुसऱ्या गावाची. रजेचा पगार मिळत नसे. आठवडाभर काम नाही म्हणजे मजुरीही नाही. म्हणून गिरणीत, चर्चमध्ये, दारूच्या गुत्त्यात कामगारांच्या भिशी चालत. वर्षभर दर आठवड्याला काही पेन्स टाकायचे आणि वेक्सच्या आदल्या दिवशी सगळी रक्कम उचलायची. एका गल्लीतले लोक ब्लॅकपूललाही एकाच गल्लीत उतरत, वर्षानुवर्षं त्याच मालकिणीकडे. शेजारी तेच, भांडणं तीच, फक्त भोंगा नाही.

ही मालकीण हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. बहुतेक वेळा ती स्वतःच एके काळची गिरणी कामगार, नाहीतर विधवा. चार खोल्यांच्या घरात ती किती माणसं झोपवायची हे हिशोबात बसत नाही. जुन्या पद्धतीत पाहुणे आपला शिधा स्वतः आणत. प्रत्येक कुटुंबाचं मांस, बटाटे, अंडी वेगळी ओळखून ती शिजवायची आणि वेगवेगळ्या ताटांत वाढायची. भाडं खोलीचं, शिवाय मीठ, मिरपूड आणि व्हिनेगरच्या बाटल्या वापरल्याचे पैसे वेगळे. तिच्या कंजूषपणावरचे विनोद पुढे शंभर वर्षं रंगमंचावर चालले. तीन महिन्यांच्या कमाईवर बारा महिने काढणाऱ्या बाईने मिठाचे पैसे लावले तर मला तरी त्यात हसण्यासारखं दिसत नाही.

आता या गिरण्यांकडे आपल्या बाजूने पाहू. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटलं आणि लँकेशरचा कापूस आटला. तेव्हा वऱ्हाड-खानदेशचा आणि गुजरातचा कापूस मुंबई बंदरातून तिकडे जाऊ लागला, मुंबईत पैशाचा पाऊस पडला आणि १८६५ साली तो फुगा फुटलाही. कापूस जायचा तो कापड होऊन परत यायचा. हिंदुस्थान हे लँकेशरचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक होतं. म्हणजे ब्लॅकपूलच्या वाळूवर आठवडाभर खर्च होणाऱ्या त्या शिलिंगांत आपल्या आज्या-पणज्यांनी घेतलेल्या धोतर-लुगड्यांचा पैसा होता. आपल्या हातमागांचं जे झालं ते सर्वांना ठाऊक आहे. त्या कामगारांविषयी राग धरावा असं मात्र मला वाटत नाही. गांधीजी १९३१ साली लँकेशरमधल्या डार्वेनला गेले, तेव्हा बहिष्काराने बेकार झालेल्या त्याच कामगारांनी त्यांचं हसतमुखाने स्वागत केलं होतं.

मुंबईच्या गिरण्यांतला कोकणी कामगारही सणासुदीला समुद्रकाठच्या गावी जात असे. पण गणपती-शिमग्याला निघालेला चाकरमानी समुद्रासाठी जात नव्हता. घर, शेत, देव तिथे होते. बोल्टनच्या विणकराचं ब्लॅकपूलमध्ये कुणी नव्हतं. त्याला नातं नसलेल्या जागी, काही कर्तव्य नसलेला आठवडा हवा होता. सुट्टी म्हणजे कुणाच्या घरी जाणं नव्हे, ही कल्पना आपल्याकडे मध्यमवर्गात रुजायलाही पुढे बराच काळ जावा लागला. शिवाय इंग्रजांनी ती इथे आणली तेव्हा समुद्रावर आणलीच नाही. दमट उकाड्याला कंटाळून ते घाटमाथ्यावर पळाले. महाबळेश्वर वसलं, १८५० साली माथेरान सापडलं, आणि हवापालटाला जायचं तर डोंगरावर, हे आपल्याही अंगवळणी पडलं. कोकणच्या किनाऱ्यावर एखादं ब्रायटन झालं नाही, याचं कारण इंग्रजांना घामाघूम व्हायचं नव्हतं, इतकं साधं आहे.

ब्लॅकपूलच्या नगरपालिकेने गावाचा कारखाना कसा चालवला ते पाहण्यासारखं आहे. १८७९ साली तिने रस्त्यावर विजेचे दिवे लावले. त्याच वर्षी गावाची जाहिरात करण्यासाठी घरपट्टीतून पैसा वापरण्याचा अधिकार पार्लमेंटकडून मिळवला, जो इतर गावांना मिळत नव्हता. १८८५ साली विजेची ट्राम आली. पॅरिसचा आयफेल टॉवर पाहून आलेल्या महापौराने १८९४ साली ५१८ फुटांचा मनोरा उभा केला, आणि त्याच्या पायथ्याशी सर्कस व नाचाचा दिवाणखाना ठेवला, कारण पाऊस पडणार हे गृहीतच होतं. १९१२ साली शरद ऋतूत समुद्रकाठच्या रस्त्यावर रोषणाई सुरू झाली. हंगाम सप्टेंबरात संपतो ना, मग अंधार लवकर पडतो हेच भांडवल करायचं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात वर्षाला ७० लाखांच्या घरात माणसं येत. १९३७-३८ साली मास ऑब्झर्व्हेशन या संस्थेचे अभ्यासक बोल्टनच्या कामगारांमागोमाग वह्या घेऊन तिथे गेले. वाळूवर रात्री काय काय चालत असेल याबद्दल त्यांना बरीच आशा होती. सापडलं ते मुख्यतः आरामखुर्च्यांत बसून समुद्राकडे बघणारं कुटुंब.

पिअर म्हणजे समुद्रात गेलेल्या लोखंडी पुलांविषयी इथे थोडक्यात सांगतो, कारण पुढे त्यांवर वेगळं प्रकरण आहे. मुळात ते धक्के होते. ओहोटीला पाणी फार लांब जाई, बोटी किनाऱ्याला लागत नसत, म्हणून १८१४ साली आइल ऑफ वाइटवरच्या राइडला लाकडी धक्का पाण्यात नेला. उतारूंशिवाय नुसते फिरायला येणारे लोकही पैसे देतात हे लक्षात आलं आणि धक्क्यांचे बाग-बगीचे झाले. आयरिश अभियंता अलेक्झांडर मिचेल याने शोधलेले मळसूत्री खांब वाळूत पिळून घट्ट बसवता येत. मिचेल अंध होता. त्याच तंत्रावर युजीनिअस बर्च याने १८५५ साली मार्गेटचा आणि नंतर ब्रायटनचा वेस्ट पिअर, ब्लॅकपूलचा नॉर्थ पिअर असे एकूण १४ पिअर बांधले. बोट न लागता समुद्रावर जाता येतं, यासाठी लोक एक-दोन पेनी खुशीने मोजत. साउथएंडचा पिअर २ किलोमीटरहून लांब आहे आणि त्यावर रेल्वे धावते.

मराठी वाचकाला ब्रायटन माहीत असतं ते मात्र यातल्या कशामुळेही नाही. १९०९च्या डिसेंबरात विनायक दामोदर सावरकर ब्रायटनच्या किनाऱ्यावर बसले होते, सोबत बिपिनचंद्र पालांचे चिरंजीव निरंजन. त्या वर्षात सावरकरांचा लहानगा मुलगा गेला होता, थोरल्या भावाला काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, ऑगस्टमध्ये मदनलाल धिंग्रा फाशी गेले होते, बॅरिस्टरीची सनद अडवलेली होती आणि पोलिस पाळतीवर होते. तिथे सागराला उद्देशून जी कविता त्यांनी रचली ती मराठी घराघरांत गायली जाते. चारच वर्षांपूर्वी, १९०५ साली, पुण्यात विलायती कापडाची होळी पेटवणारा हा माणूस त्या कापडाच्या देशात, त्या देशाच्या सर्वांत नावाजलेल्या मौजेच्या गावी बसला होता. सुट्टीला आलेल्या इंग्रजाला समुद्र म्हणजे जमिनीचा शेवट होता, इथे कामाचं जग संपलं याची खूण. सावरकरांना तोच समुद्र घरी जायचा रस्ता दिसत होता, आणि तो बंद होता. एका किनाऱ्याची याहून वेगळी दोन रूपं मला कुठे वाचायला मिळालेली नाहीत.

पाच वर्षांनी हिंदुस्थानी माणसं तिथे शेकड्यांनी आली, स्ट्रेचरवर. फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांत जखमी झालेल्या हिंदी शिपायांसाठी १९१४च्या अखेरीस रॉयल पॅव्हिलियनचं रुग्णालय करण्यात आलं. नॅशच्या खोट्या घुमटांखाली खरे शीख, गुरखे, पठाण खाटांवर पडले. जातिधर्म सांभाळायला नऊ स्वयंपाकघरं उघडली गेली, हिंदू आणि मुसलमानांसाठी पाण्याचे नळ वेगळे. सरकारला याची छायाचित्रं हवी होती, ती पोस्टकार्डांवर छापली गेली. वाचले नाहीत त्यांपैकी ५३ हिंदू आणि शीख शिपायांना गावामागच्या टेकाडांवर अग्नी देण्यात आला. त्या जागी संगमरवरी छत्री आहे, १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिचं अनावरण झालं. ब्रायटनला जाणारे बहुतेक लोक ती न पाहताच परततात, कारण टेकाड चढून जावं लागतं.

१९३८ साली पगारी रजेचा कायदा झाला आणि वाटलं की आता या गावांना मरण नाही. युद्धानंतर काही वर्षं तसं झालंही. पण १९५० साली एका तरुण उद्योजकाने विमानात माणसं भरून कॉर्सिकाला तंबूंत नेली, प्रवास, जेवण, मुक्काम सगळ्याचा एकच दर लावून. १९६३नंतर तोट्यातल्या रेल्वेशाखा बंद होऊ लागल्या, त्यांत किनाऱ्याच्या गावांचे बरेच फाटे गेले. मग स्पेन, आणि स्पेनमध्ये ऊन पडतं. ज्या वर्गाने ब्लॅकपूल घडवलं त्याच्या गिरण्याही याच दशकांत बंद पडल्या. म्हणजे गिऱ्हाईकही गेलं आणि त्याचा पैसाही.

रिकाम्या बोर्डिंग हाउसांच्या खोल्या स्वस्त भाड्याने जाऊ लागल्या. ज्यांना दुसरीकडे परवडत नाही ती माणसं तिथे राहायला आली, वर्षभरासाठी. इंग्लंडमध्ये पुरुषांचं सर्वांत कमी आयुर्मान असलेल्या ठिकाणांत आज ब्लॅकपूलचं नाव घेतलं जातं. एसेक्सच्या किनाऱ्यावरचं जेविक हे कामगारांच्या सुट्टीसाठी वसवलेलं गाव देशातल्या सर्वांत वंचित वस्त्यांच्या यादीत वारंवार पहिलं आलं. २०२१ साली इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आपला वार्षिक अहवालच किनारी गावांच्या आरोग्यावर काढला. हृदयविकार, व्यसनं, मानसिक आजार, डॉक्टरांचा तुटवडा असं सगळं त्यात आहे. ज्या हवेत रोगी बरे होतात म्हणून ही गावं उभी राहिली तिथली ही अवस्था पाहून काही लेखक नियतीचा खेळ वगैरे म्हणतात. हवा बदललेली नाही. एका हंगामी धंद्यावर सगळं गाव उभं केलं आणि धंदा गेल्यावर दुसरं काही आणलं नाही, म्हणून हे झालं.

मार्गेटची गोष्ट जरा वेगळी वळली. चित्रकार टर्नर जिथे वारंवार राहायचा तिथे २०११ साली त्याच्या नावाचं कलादालन उघडलं, त्यामागून लंडनचे चित्रकार आले, कॅफे आले आणि घरांच्या किमती चढल्या. मूळचे भाडेकरू आता गावाच्या कडेला सरकत आहेत. स्टाइनवरची जाळी उठली तो प्रकार निराळ्या कपड्यांत पुन्हा चालू आहे, एवढंच मी म्हणेन.

ब्रायटनच्या वेस्ट पिअरचा जळका सांगाडा अजून पाण्यात उभा आहे. तो १९७५ साली बंद झाला, २००३ साली आगींत गेला. त्याच्या तोंडाशीच २०१६ साली १६२ मीटर उंचीचा, काचेची खोली वर-खाली नेणारा मनोरा उभा राहिला. पैसा मुख्यतः नगरपालिकेच्या कर्जाचा. लोक अपेक्षेइतके चढले नाहीत, नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी प्रशासकांच्या हाती गेली आणि नगरपालिकेला ५ कोटी पौंडांहून जास्त रकमेवर पाणी सोडावं लागलं. कर भरणारे चिडले आहेत. त्यांचं चुकतंय की नाही, यावर ब्रायटनच्या प्रकरणात मी माझं मत दिलं आहे. ते वाचून काही वाचक माझ्यावरही चिडतील.

पुढची प्रकरणं स्कारबरो, मार्गेट, ब्रायटन, ब्लॅकपूल या क्रमाने आहेत, पिअरचं प्रकरण मध्ये घातलं आहे. वेल्सचा लँडुडनो आणि स्कॉटलंडचा किनारा घेतलेला नाही, कारण तिथला जमीनदारीचा इतिहास वेगळा आणि तो दोन पानांत उरकणं अन्यायाचं झालं असतं. घाईत असलेल्या वाचकाने सरळ ब्लॅकपूल उघडावं.